दुर्गम भागातलं छोटं रुग्णालय हळूहळू बंद पडेल ही भीती रास्त आहे का?

तुम्ही विचारलंय की तुमच्याकडच्या छोट्या रुग्णालयात आधी सिझर बंद झालं, मग बाळंतपणं, आणि आता रात्रीची तातडीची सेवाही 'तात्पुरती' थांबवणार म्हणतात. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात उपचार जास्त चांगले होतील असंही सांगतात. मग तुमची भीती रास्त आहे की तुम्ही उगाच घाबरताय?

रास्त आहे. अशाच एका आडबाजूच्या रुग्णालयात मी १४ वर्षं परिचारिका होते. तुम्ही सांगताय तो क्रम मी जसाच्या तसा पाहिलाय.

रुग्णालय एका दिवसात बंद होत नाही. पाटी तशीच राहते, ओपीडी चालू राहते आणि आतून एकेक टाका उसवत जातो. आमच्याकडे सुरुवात भूलतज्ज्ञांपासून झाली. त्यांची बदली झाली, जागा भरली गेली नाही. भूल द्यायला कोणी नाही म्हणून सिझर बंद. अडलेली बाळंतीण पुढे पाठवायची हे कळल्यावर ज्यांना जमण्यासारखं होतं त्या बायका नवव्या महिन्यातच शहराकडे जाऊ लागल्या. बाळंतपणं घटली. शस्त्रक्रिया होत नाहीत म्हटल्यावर रक्तही वापरलं जाईना. पिशवीतलं रक्त शीतपेटीत ३५ ते ४२ दिवसच टिकतं, त्यामुळे मुदत संपून पिशव्या वाया जाऊ लागल्या आणि मग रक्तसाठाच बंद केला. रक्त हाताशी नसताना पोट उघडायला सर्जन धजेनात. वर्षभरात तेही गेले. त्यानंतर तपासणीला आलेल्या साहेबांनी नोंदवही चाळली आणि म्हणाले, "इथे कामच नाही, एवढा स्टाफ कशाला?"

रुग्ण कमी म्हणून सेवा बंद, असं जेव्हा कोणी सांगेल तेव्हा त्याला हा क्रम उलटा वाचायला लावा. रिकामी जागा आधी आली, आकडे नंतर पडले. यासाठी जुने आकडे हवेत. भूलतज्ज्ञ होते तेव्हा महिन्याला किती बाळंतपणं आणि किती सिझर व्हायची, ते गेल्यावर किती, हे महिनावार मागा. माहिती मागण्याचा कायदेशीर मार्ग असेल तर तोच वापरा, म्हणजे उत्तर लेखी मिळतं.

आता मोठ्या रुग्णालयाबद्दल. प्रशासनाचं म्हणणं सगळंच खोटं नाही, आणि ते खोटं आहे असं धरून बैठकीत गेलात तर तुमचीच बाजू लंगडी पडेल. काही उपचार मोठ्या ठिकाणीच व्हायला हवेत. हृदयाच्या बंद झालेल्या रक्तवाहिनीत स्टेंट घालणं, डोक्याला जबर मार लागलेल्याची शस्त्रक्रिया, फार कमी दिवसांचं बाळ सांभाळणं, ही कामं रोज करणाऱ्या हातांतच सुरक्षित असतात. लंडनमध्ये २०१० साली पक्षाघाताचे रुग्ण जवळच्या कुठल्याही रुग्णालयात न नेता ८ खास केंद्रांत न्यायला सुरुवात झाली आणि मृत्यू कमी झाले. हे उदाहरण तुम्हाला कोणीतरी नक्की ऐकवेल. तेव्हा विचारा, तिथल्या माणसाला त्या केंद्रात पोचायला किती वेळ लागायचा? अर्ध्या तासाच्या आत पोचता यावं असा तो आराखडा होता. महानगरात जमलेली गोष्ट तीन तासांच्या रस्त्याला लावता येत नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना याची खात्री करावी लागते. लक्षण ओळखायला एक तास, गाडी मिळायला एक तास, रस्त्यात तीन तास. केंद्र कितीही उत्तम असलं तरी दार उघडेपर्यंत वेळ टळलेली असते.

अंतरामुळे माणसं मरतात हे मोजलेलंही आहे. इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णवाहिकेने नेलेल्या, जिवावर बेतलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २००७ साली निष्कर्ष मांडला. रुग्णालय सरळ रेषेत १० किलोमीटरने आणखी लांब असेल तर दर १०० रुग्णांमागे साधारण १ मृत्यू जास्त होतो. श्वासाचा त्रास असलेल्यांमध्ये हा फरक सगळ्यात ठळक होता. अमेरिकेतल्या ग्रामीण भागाचा २०१८ मधला एक अभ्यासही सांगण्यासारखा आहे. शहरापासून दूरच्या ज्या तालुक्यांसारख्या विभागांत रुग्णालयातली प्रसूतिसेवा बंद झाली, तिथे बाळंतपणं थांबली नाहीत. ती प्रसूती विभाग नसलेल्या रुग्णालयांत आणि रुग्णालयाबाहेर होऊ लागली, आणि दिवस भरण्याआधीची बाळंतपणंही वाढली. विभाग बंद केल्याने बाईच्या कळा थांबत नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त सलतं ते यापलीकडचं आहे. अंतर रस्त्यावर सुरू होत नाही, ते घरात सुरू होतं. १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी मातामृत्यूंबद्दल 'तीन विलंब' मांडले: जायचं ठरवायला लागणारा उशीर, पोचायला लागणारा उशीर आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा उशीर. रुग्णालय लांब गेलं की फक्त दुसरा उशीर वाढतो असं आपण धरतो. माझ्या अनुभवात पहिला त्याहून जास्त वाढतो. सोबत कोण येणार, गाडी कोण देणार, घरी लहान मुलांना कोण बघणार, आणि एवढं जाऊन काही निघालंच नाही तर?

आमची रात्रीची सेवा बंद झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी एक गृहस्थ सकाळी आठला ओपीडीच्या रांगेत उभे राहिले. छातीत रात्री अकरापासून दुखत होतं. "रात्री इथे कोणी नसतं ना, म्हणून म्हटलं उजाडू दे," असं म्हणाले. ईसीजी काढला तेव्हा हृदयाचा बराच भाग गेलेला होता. आधी ते रात्री अकरालाच आले असते, कारण आमचं दार त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर होतं. ही अशी माणसं कुठल्याच अहवालात येत नाहीत. वाटेत दगावलेला रुग्ण निदान मोजला तरी जातो. घरी वाट बघत बसलेला मोजला जात नाही.

'रुग्णवाहिका वाढवू' हे आश्वासन तुम्हाला मिळेलच. ते घ्या, पण हिशोब मांडून घ्या. रस्ता एका बाजूचा तीन तासांचा असेल तर एक रुग्ण पोचवून, तिथे सोपवायला तासभर धरून, गाडी परत यायला सात तास लागतात. त्या सात तासांत दुसरी गाडी आहे का? गाडीत रुग्णासोबत कोण बसणार? आमच्याकडे रात्रपाळीला दोघी असायचो. एक गाडीत गेली की वॉर्डात एकटी उरायची, आणि त्या एकटीने बाळंतीण, ताप आलेलं पोर आणि ऑक्सिजनवरचे आजोबा सांभाळायचे. टेलिमेडिसिनचंही तसंच. पडद्यावरचा तज्ज्ञ काय करायचं ते सांगतो, आणि त्याचा खरोखर उपयोग होतो, मी स्वतः अनुभवलंय. पण शीर शोधून सुई लावायला, गर्भाशय दाबून धरायला इथे हात लागतात.

म्हणून 'रुग्णालय वाचवा' एवढीच मागणी करू नका. इमारत वाचेल आणि सेवा जाईल. मागणी नेमकी करा. माझ्या मते अशा ठिकाणी कमीत कमी हे हवंच: दिवसरात्र रुग्णाला स्थिर करू शकणारा डॉक्टर आणि दोन परिचारिका, साधी बाळंतपणं, रक्ताच्या काही पिशव्या, प्रयोगशाळा, एक्स-रे आणि जागेवर उभी गाडी. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर बाई दोनेक तासांत जाऊ शकते. गर्भाशय आकुंचन पावून रक्त थांबावं म्हणून ऑक्सिटोसिन हे औषध तातडीने लागतं, आणि ते थंड ठेवावं लागतं, म्हणजे वीज गेल्यावरही चालणारा फ्रीज हवा. ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं साधं औषध तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २०१७ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं. यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही. शिकलेली माणसं आणि भरलेलं कपाट लागतं.

"डॉक्टरच यायला तयार नाहीत" या उत्तरावर बहुतेक बैठका संपतात. तिथे संपू देऊ नका. मोझांबिकने १९८४ साली डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, सिझरसकट. नेमणुकीनंतर सात वर्षांनी पाहिलं तेव्हा त्यांतले ८८ टक्के जिल्ह्याच्या रुग्णालयांतच काम करत होते, आणि तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सर्वसाधारण डॉक्टरलाच भूल किंवा प्रसूतीचं जादा शिक्षण देऊन दूरच्या रुग्णालयांत नेमतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० साली आणि पुन्हा २०२१ साली सांगितलंय की ग्रामीण भागात वाढलेल्या मुलांना वैद्यकीय शिक्षणात घ्या, नेमलेल्यांना राहायला चांगली जागा द्या, एकटं पाडू नका. शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. आमचे एक डॉक्टर चार महिने एकट्याने रात्रंदिवस ड्युटीवर होते. सुट्टीच्या अर्जाला उत्तर आलं नाही, राजीनाम्याला मात्र लगेच आलं. गावात नंतर "डॉक्टर टिकत नाहीत" असंच बोललं गेलं.

पैशाचा मुद्दाही निघेल. रुग्णांच्या संख्येवर पैसे द्यायचे ठरवलं तर छोटं रुग्णालय कायम तोट्यातच दिसणार. आग लागली नाही म्हणून अग्निशमन दल कोणी बंद करत नाही, तयार राहण्याचेच पैसे देतो. अमेरिकेने १९९७ साली दूरच्या, थोड्या खाटांच्या रुग्णालयांसाठी वेगळा वर्ग केला आणि वृद्धांच्या सरकारी विम्यातून त्यांना ठरावीक दराऐवजी प्रत्यक्ष खर्चावर पैसे द्यायला सुरुवात केली. त्यानंतरही तिथली बरीच ग्रामीण रुग्णालयं बंद झाली, तेव्हा हा रामबाण उपाय नाही. पण हिशोबाची पद्धत बदलता येते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आणि 'तात्पुरती' या शब्दाला तारीख मागा. कधीपासून कधीपर्यंत, कोणती जागा भरल्यावर सेवा परत सुरू होईल, आणि ती भरायची जबाबदारी कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याची आहे, हे इतिवृत्तात लिहून घ्या.

आजपासून एक वही सुरू करा. आम्ही केली होती, गावातल्या दोन बायकांनी आणि मी मिळून. रुग्णाचं नाव कुठेच लिहायचं नाही. त्रास काय, गाडीला फोन किती वाजता केला, गाडी किती वाजता आली, पोचले किती वाजता, उपचार कधी सुरू झाले, आणि पुढे काय झालं, एवढंच. फोन केलाच नाही, सकाळची वाट पाहिली, असं असेल तर तेही. अकरा महिन्यांत ६३ नोंदी झाल्या. वही बैठकीत पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि विसाव्या नोंदीला साहेबांनी थांबायला सांगितलं. आम्ही थांबलो नाही, सगळ्या वाचल्या. पुढच्या दोन महिन्यांत शेजारच्या रुग्णालयातले भूलतज्ज्ञ आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे येऊ लागले आणि बाळंतपणं परत सुरू झाली. रात्रीची सिझर आजही होत नाहीत. वही अजून चालू आहे, आता तिसरी.