नोंद ज्याची, त्याच्या हाती

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. पूर ओसरल्यावर तुम्ही घरोघरी फिरून ॲपमध्ये नुकसानीच्या नोंदी घेतल्यात, सुंदर नकाशा केलात, वरिष्ठांनी कौतुक केलं आणि मग सगळं थंडावलं. आता लोक भेटले की विचारतात, ‘आमच्या नोंदीचं पुढे काय झालं?’ यावर तुझ्याकडे उत्तर नाही, म्हणून तू उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नुकसान आपोआप ओळखणारं संगणकी मॉडेल बसवायला निघाली आहेस. अगं, पण त्यांनी तुला हे विचारलंच नव्हतं!

माझं म्हणणं एकच आहे. ज्याची नोंद घेतलीस, त्याच्या हातात ती परत पडली पाहिजे. त्याला ती वाचता यावी, चुकली असेल तर दुरुस्त करून घेता यावी आणि ती कुणाच्या टेबलावर अडली आहे हे कळावं. एवढं होत नसेल, तर नवं तंत्र आणून फक्त चुकांचा वेग वाढेल.

उपग्रहाला छप्पर दिसतं. कमरेइतकं पाणी साचून गेलेलं घर वरून धडधाकटच दिसणार. आत गेलं की दार फुगून चौकटीत अडकलेलं असतं, भिंतीवर चिखलाची रेघ असते आणि खालची माती वाहून गेल्यामुळे फरशी पावलाखाली पोकळ वाजते. तुझं मॉडेल त्या घरापुढे ‘नुकसान नाही’ असं लिहील आणि घरातल्या बाईला ते कधी कळणारही नाही. उपग्रहाचं मोल मी नाकारत नाही. 12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी अशाच छायाचित्रांवरून तिथल्या राजधानीचे, पोर्ट-ओ-प्रिन्सचे, रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर काढले आणि मदत पथकांनी तो नकाशा वापरला. कुठे आधी पोहोचायचं, कोणता रस्ता तुटलाय, हे सांगायला वरची नजर लागतेच. कुणाला किती भरपाई द्यायची, हे मात्र तिला विचारू नकोस.

प्रत्यक्ष घरी जाऊन पाहिलं की प्रश्न मिटतो असंही समजू नकोस. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर टॅब्लेट घेऊन घरोघर पाहणी झाली, त्यावरून घरबांधणीच्या अनुदानाची यादी निघाली, आणि तरीही नाव नसल्याच्या तक्रारी घेऊन हजारो माणसं पुढे आली. यादी म्हटली की माणसं सुटणारच. सुटलेल्याला ते वेळेवर कळतं का, आणि दाद मागायला दार उघडं आहे का, एवढंच मी बघतो.

माझ्या मनात एक सल आहे. एका छावणीत आम्ही भराभर नोंदी घेतल्या. पुढे निधी संपला, सर्व्हर बंद झाला आणि लोकांच्या हाती चिटोरंही उरलं नाही. प्रत्येकाला छापील पावती द्या, असं मी बैठकीत सांगितलं होतं, लेखी दिलं होतं. वेळ जातो म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं. तेव्हापासून मी पावतीशिवाय नोंद घेऊ देत नाही. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत. 2017 मध्ये मारिया वादळानंतर पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचे सुमारे 95 टक्के मोबाइल टॉवर बंद पडले होते. अशा वेळी ‘आमच्या पोर्टलवर बघा’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुढे एका ठिकाणी यादी मोठ्यांदा वाचून दाखवायचा आग्रह मी धरला. गोंधळ होईल, असं कार्यालयातले म्हणाले. झाला गोंधळ, व्हायलाच हवा होता! एका छताखाली दोन भावांच्या दोन चुली होत्या आणि फॉर्ममध्ये घरामागे एकच रकाना. भाडेकरूचं सगळं सामान वाहून गेलं होतं, नाव मात्र घरमालकाचं लागलं होतं. एका म्हातारीच्या नावापुढे पुतण्याचा नंबर होता, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे जाणार आणि पैसे कधी आले हेही तिला त्याच्याकडूनच कळणार. यातलं काहीही आमच्या संगणकाने पकडलं नव्हतं.

म्हणून नवं ॲप लिहीत बसू नकोस. नेटवर्क नसताना चालणारे फॉर्म कोबो टूलबॉक्ससारख्या साधनांत तयार मिळतात. तुझी बुद्धी परतीच्या वाटेवर खर्च कर. प्रत्येक घराची एक पावती छाप, त्यांच्या भाषेत, मोठ्या अक्षरात: काय नोंदवलं, कुणी, कोणत्या तारखेला, तक्रार कुठे करायची. जाहीर यादीत नाव आणि नोंदीची स्थिती एवढंच ठेव. फोन आणि खाते क्रमांक भिंतीवर गेलेले मला चालणार नाहीत. दुरुस्ती केलीस तर जुनी नोंद पुसू नकोस, दोन्ही तारखांसह ठेव, म्हणजे उद्या कुणी ‘असं नव्हतंच’ म्हणालं तर दाखवता येईल. आणि अर्ज जिथे अडलाय त्या टेबलाचं नाव लिही, नुसतं ‘प्रक्रियेत’ नको. त्या शब्दाचा मला मनापासून राग आहे.

लोक कामावरून परततात तेव्हा, संध्याकाळी जा. पहिल्या दिवशी तुझ्यावर ओरडतील. ऐकून घे, सोबत्याला लिहून घ्यायला सांग. तुमच्या नोंदींतल्या किती आणि कशा चुका निघाल्या ते मला सविस्तर कळव. मॉडेलचं त्यानंतर बोलू.