प्लगइन 'सक्रिय झाले' की 'चालू झालं'?

प्रश्न असा आहे की प्लगइन, म्हणजे वेबसाइटला किंवा ॲपला जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्राम, ॲक्टिव्हेट केल्यावर वर जी सूचनेची पट्टी येते तिच्यात मराठीत काय लिहायचं, 'सक्रिय', 'कार्यान्वित' की सरळ 'ॲक्टिव्हेट झालं'?

मी 'चालू झालं' लिहीन. 'सक्रिय' चुकीचा नाहीये, पण तो आपण जास्त करून माणसांना लावतो, सक्रिय सभासद, राजकारणात सक्रिय वगैरे. आणि बंद केल्यावर त्याचा जोडीदार 'निष्क्रिय' येतो, तो वाचून प्लगइन आळशी झाल्यासारखं वाटतं. 'कार्यान्वित' योजनेला शोभतो. चालू-बंद ही जोडी मात्र पंख्यापासून मोबाइल डेटापर्यंत सगळ्यांच्या तोंडात आहे. फक्त 'चालू आवृत्ती' म्हटलं की अर्थ 'सध्याची' असा होतो, तिथे जपून.

शब्द कुठलाही घ्या, बटणावर जो तोच पट्टीत पाहिजे. बटण 'सक्रिय करा' आणि पट्टी 'कार्यान्वित झाले' म्हणाली तर आपण दाबलं तेच झालं का, अशी शंका येते. आणि 'केलं' पेक्षा 'झालं' बरं, कोणी केलं ते वापरणाऱ्याला माहीतच असतं, त्याला झालं की नाही एवढंच बघायचंय.

खरी अडचण व्याकरणाची आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. पट्टीत प्लगइनचं नाव प्रोग्राम आपोआप भरतो आणि मराठी क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणजे 'नोंदवही' चालू झाली, 'अनुवादक' चालू झाला, 'कॅलेंडर' चालू झालं, आता एकच वाक्य सगळ्यांना कसं पुरणार? म्हणून नावापुढे 'हे प्लगइन' जोडायचं: 'नोंदवही' हे प्लगइन चालू झालं. क्रियापद मग प्लगइनशी जुळतं, नाव काहीही असो. विभक्तीचंही तसंच, भरलेल्या नावाला थेट 'ची' चिकटवली तर 'अनुवादकची सेटिंग' असलं काहीतरी तयार होतं कारण सामान्यरूप 'अनुवादका' व्हायला हवं आणि ते प्रोग्रामला कळत नाही. 'अनुवादक' या प्लगइनची सेटिंग, असं लिहिलं की सुटलं.

वर्डप्रेससाठी, म्हणजे वेबसाइट बनवायच्या त्या प्रणालीसाठी, लिहीत असाल तर अजून एक. प्लगइन ॲक्टिव्हेट झालं हे तिथली स्वतःची पट्टी सांगतेच, तेच तुम्ही परत सांगितलंत तर दोन पट्ट्या एकाखाली एक येतात. तुमच्या पट्टीत पुढचं पाऊल द्या: 'आता सेटिंगमध्ये जाऊन भाषा निवडा', सोबत लिंक, आणि ती पट्टी बंद करता आली पाहिजे. ॲक्टिव्हेशनच्या हूकमध्येच (प्लगइन चालू होताना आपोआप चालणारा कोड) मजकूर छापू नका, पान लगेच रिडायरेक्ट होतं, म्हणजे दुसऱ्या पानावर वळतं, त्यामुळे तो दिसतच नाही, खूण साठवून ठेवायची आणि पुढच्या पानावर दाखवून पुसायची.

काही बिघडलं तर 'सक्रिय केले जाऊ शकले नाही' हे असलं कोणी बोलत नाही हो. 'चालू झालं नाही' म्हणा आणि लगेच कारण द्या, 'पीएचपीची आवृत्ती जुनी आहे' (पीएचपी म्हणजे वर्डप्रेस ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं ती).

लायसन्सची 'की' (विकत घेतल्यावर मिळणारा कोड) टाकल्यावर जे होतं त्याला मात्र मी 'चालू' म्हणणार नाही, प्लगइन चालू असून लायसन्स नसू शकतं ना. तिथे 'लायसन्स लागू झालं'.