बास्केटबॉलमधे शिट्टी मारून रेफ्री कधी मूठ वर करतो कधी पंजा, फरक काय?

सोपंय, मूठ वर गेली की फाऊल, बोटं जुळवून उघडा पंजा गेला की व्हायोलेशन म्हणजे धक्काबुक्की नसलेला नियमभंग, ट्रॅव्हलिंग (बॉलला टप्पा न देता चालणं) वगैरे, घड्याळ दोन्हीत थांबतं. खरी गंमत पुढं, फाऊल असला की रेफ्री स्कोर लिहिणाऱ्यांच्या टेबलाला आधी प्लेयरचा नंबर, मग फाऊलचा प्रकार, मग फ्री थ्रो किती नायतर बॉल कुठल्या दिशेला ह्याच क्रमानं दाखवतो. १२ नंबर म्हणजे उजवी मूठ आणि डाव्या हाताची दोन बोटं. १६ पासून पुढं आधी हाताची मागची बाजू दाखवून दशक, मग तळवा दाखवून एकक. सांगलीत एका शालेय मॅचला मी स्कोरशीटवर होतो, रेफ्रीनं चालता चालताच हात हलवले आणि मी २३ चा फाऊल ३२ ला टाकला, कोच असला पेटला! तेव्हापासून मी रेफ्रीला सांगतो, थांबा, आणि नंबर तोंडानं पण बोला.