ओएसपीएफमध्ये रूट समराइझ केल्यावर टेबलात नल झिरोचा रूट दिसतो; तो काढून टाकावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. (ओएसपीएफ म्हणजे स्विच आणि राउटर एकमेकांना रूट, म्हणजे कुठल्या पत्त्यांकडे कुठून जायचं ते सांगतात तो प्रोटोकॉल. समराइझ करणं म्हणजे अनेक नेमक्या रूटांऐवजी त्या सगळ्यांना झाकणारा एकच मोठा रूट सांगणं; तोच समरी.) कारखान्यात चार इमारती, प्रत्येक इमारतीत एक लेयर थ्री डिस्ट्रिब्युशन स्विच (रूट बघून पॅकेट पुढे पाठवणारा) आणि मधे कोअर, म्हणजे सगळ्यांना जोडणारा मुख्य स्विच. कोअरवर चारशेच्या आसपास रूट दिसतात म्हणून तुम्ही समरी करणारी एरिया रेंजची कमांड कोअरवर दिली, तर काहीच झालं नाही. मग एका इमारतीतल्या स्विचवर दिली, तर काम झालं, पण त्याच स्विचच्या राउटिंग टेबलात नल झिरोकडे (पॅकेट टाकून देणाऱ्या नावापुरत्या इंटरफेसकडे) बोट दाखवणारा एक रूट उगवला. तुमचे सिनियर म्हणतात, तो धोक्याचा आहे, काढून टाक.

काढू नका. सिनियरनी सांगितलं तरी काढू नका. आग्रहच धरला तर ईमेलवर लेखी मागा. हे इतक्या ठामपणे का सांगतोय ते पुढे लिहितो. थोडं लांबेल, पण हा प्रश्न वाचून मला गप्प बसवेना.

२०१३ साली मी चाकणच्या बाजूला एका वाहन कारखान्याच्या आयटी विभागात होतो. नेटवर्क नव्याने उभं राहत होतं आणि पत्त्यांची आखणी माझ्याकडे आली होती. तोवर तिथे 'जी इमारत आधी उभी राहील तिला पुढचा सबनेट' असा कारभार होता (सबनेट म्हणजे पत्त्यांचा एक गट). पेंट शॉपचे सबनेट ३, १७, ५८ आणि ९१, स्टोअरचे मधेच कुठेतरी, कॅन्टीनचा एक आणि सिक्युरिटीचा भलतीकडेच. असं विखुरलेलं असेल तर जगातली कुठलीही कमांड समरी करू शकत नाही. मी दोन महिने भांडून सगळे पत्ते बदलून घेतले. प्रत्येक इमारतीला एक सलग /२०, म्हणजे सोळा /२४ सबनेटांचा ब्लॉक दिला. पेंट शॉपच्या वाट्याला १०.४०.३२.० आला, म्हणजे तिसरा आकडा ३२ ते ४७, सोळा सबनेट. त्यातले अकरा वापरात, पुढच्या वाढीसाठी थोडी जागा मोकळी, आणि ४४ नंबरच्या सबनेटमध्ये सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. प्रत्येक प्रिंटरचा आणि प्रत्येक पीएलसीचा (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचा) पत्ता बदलताना शिफ्ट इन्चार्जची बोलणी खाल्ली. ते काम मी आजही अभिमानाने सांगतो, कारण समराइझेशनचं खरं काम तेवढंच आहे. स्विचवर लिहायची ओळ एकच असते: 'एरिया २० रेंज १०.४०.३२.० २५५.२५५.२४०.०'. ती लिहायला दहा सेकंद लागतात. ती लिहिता यावी म्हणून दोन महिने लागतात.

सगळं नीट चाललं होतं. मग आमच्या कंत्राटदाराकडचे एक ज्येष्ठ अभियंते तपासणीला आले. वीस वर्षांचा अनुभव, मोठमोठ्या ठिकाणी काम केलेले. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांनी पेंट शॉपच्या स्विचवर राउटिंग टेबल उघडलं आणि तुमच्या सिनियरसारखेच त्या ओळीवर थबकले.

"अरे, नल म्हणजे कचरापेटी. तुझा अख्खा पेंट शॉप कचऱ्यात चाललाय, दिसत नाही का तुला?"

मी म्हटलं, "सर, तो राहू द्या. ३२ पासून ४२ पर्यंतचे सगळे /२४ टेबलात आहेत, ते जास्त नेमके आहेत, पॅकेट तिकडेच जाणार. ज्याला नेमका रूट नाही तेवढंच नलमध्ये जातं."

त्यांना पटलं नाही. मग मी पिनकोडचं उदाहरण दिलं. मुंबईच्या छाननी केंद्राला कोथरूडचा ४११०३८ माहीत असायची गरज नाही, ४११ दिसलं की पुण्याच्या पिशवीत टाकायचं, एवढं पुरतं. आता समजा एखाद्याने ४११ ने सुरू होणारा, पण अस्तित्वातच नसलेला पिन लिहिला. पत्र पुण्यात आलं. पुण्याने म्हणायला हवं, 'हा आमच्या हद्दीतला आकडा आहे आणि असं ठिकाण नाही, इथेच थांबवा.' ते न करता पुण्याने 'आम्हाला माहीत नाही, मोठ्या केंद्राला विचारा' म्हणून ते परत मुंबईला पाठवलं, तर मुंबई पुन्हा ४११ बघणार आणि पुन्हा पुण्याला पाठवणार. नल झिरो म्हणजे पुण्याने 'इथेच थांबवा' म्हणणं.

सर म्हणाले, "पोस्टाच्या गोष्टी पोस्टात." आणि ओएसपीएफच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'नो डिस्कार्ड-रूट इंटरनल' लिहून तो रूट घालवला. मी गप्प बसलो. मी २७ वर्षांचा होतो आणि खोलीत आमचे व्यवस्थापक बसलेले होते.

पाच महिने काही झालं नाही. म्हणून ही चूक वाईट. केल्या केल्या काही बिघडत नाही.

त्याच वर्षी गणपतीच्या आठवड्यात सीसीटीव्हीचा रेकॉर्डर नव्या जागी हलवला. जुनं ४४ नंबरचं व्हीलॅन (त्या सबनेटचं नेटवर्क) पेंट शॉपच्या स्विचवरून रीतसर काढलं. पण दुसऱ्या इमारतींमध्ये आणि गेटवर कॅमेऱ्यांचे वीसेक जुने एन्कोडर (चित्र नेटवर्कवर पाठवणारे डबे) होते. पलीकडे कोणी ऐकतंय की नाही याची पर्वा न करता ठरवून दिलेल्या पत्त्यावर यूडीपी पाठवत राहणारे. त्यांच्यात नवा पत्ता भरायचा राहून गेला. प्रत्येकी साधारण २ मेगाबिट, एकूण ४० मेगाबिट. एरवी याकडे कोणी लक्षही दिलं नसतं.

आता पॅकेटचा प्रवास बघा. कोअरकडे ४४ चा वेगळा रूट नाही, पण /२० ची समरी आहे, म्हणून पॅकेट पेंट शॉपकडे. पेंट शॉपच्या स्विचकडे ४४ नाही, नल झिरो काढलेला, उरला फक्त डिफॉल्ट रूट (दुसरा कुठलाच जुळला नाही तर वापरायचा), आणि तो कोअरकडे. कोअर पुन्हा पेंट शॉपकडे. टीटीएल (प्रत्येक टप्प्यावर एकने कमी होणारा आकडा, संपला की पॅकेट टाकून देतात) ६४ ने निघालेलं एकेक पॅकेट संपेपर्यंत त्या एका फायबरवर प्रत्येक दिशेने तीसेक फेऱ्या मारतं. ४० गुणिले ३० म्हणजे १२०० मेगाबिट, आणि आमची अपलिंक १ गिगाबिटची. शिवाय टीटीएल संपलेली पॅकेटं स्विचच्या सीपीयूकडे येतात, म्हणजे तोही दमला.

पुढचा भाग मला आजही नीट आठवतो, कारण त्यानेच आम्हाला चार तास चकवलं. लिंक तुडुंब भरली की ओएसपीएफचे हॅलो (शेजारच्या स्विचला 'मी आहे' सांगणारे निरोप) पोचत नाहीत. आमच्याकडे नेहमीचेच टायमर होते, १० सेकंदांचा हॅलो, ४० चा डेड. चाळीस सेकंद झाले की शेजार तुटायचा. तुटला की कोअरवरून समरी जायची, समरी गेली की फेऱ्या थांबायच्या, लिंक मोकळी व्हायची, हॅलो पोचायचे, शेजार जुळायचा, समरी परत यायची आणि पुन्हा फेऱ्या सुरू. मिनिटा-दीड मिनिटाला पेंट शॉप चालू आणि बंद. बॉडीचे नंबर वाचणारे स्कॅनर मधेच थांबायचे आणि लाइन उभी राहायची. आम्ही फायबर बदलली, एसएफपी (फायबर लावायचा मॉड्यूल) बदलला, स्पॅनिंग ट्रीवर संशय घेऊन अर्धा तास घालवला. दीड दिवसाचा गणपती विसर्जनाला न्यायचा म्हणून घरून फोन येत होते. मी घरी गेलो नाही.

शेवटी फ्लो बघताना ४४ चा पत्ता सारखा दिसला म्हणून त्यावर ट्रेसराउट (पॅकेट कुठल्या टप्प्यांतून जातं ते दाखवणारी कमांड) टाकला. १०.४०.०.९, १०.४०.०.१०, १०.४०.०.९, १०.४०.०.१०, तीस ओळी. ते बघितल्यावर पोटात गोळा आला, कारण त्याच क्षणी कळलं की हे मला पाच महिन्यांपासून माहीत होतं. 'डिस्कार्ड-रूट इंटरनल' परत घातलं आणि दुसऱ्या सेकंदाला लिंकचा आलेख जमिनीवर आला.

त्यानंतरचा भाग जास्त लागला. कंत्राटदाराच्या अहवालात कारण लिहिलं होतं: 'रूट समराइझेशनमुळे राउटिंग लूप.' उपाय: 'समराइझेशन काढावे.' काढून टाकलेल्या नल झिरोचा उल्लेख नाही. तांत्रिकदृष्ट्या ते वाक्य खोटंही नाही, समरी नसती तर ती पॅकेटं डिफॉल्टने फायरवॉलकडे जाऊन तिथेच मेली असती. पण अर्धं खरं लिहून माझी दोन महिन्यांची आखणी दोषी ठरली. पुढे बदलाच्या प्रत्येक अर्जात एक रकाना आला, 'समराइझेशन वापरलेले नाही याची खात्री'. मी २०१६ ला नोकरी सोडली तेव्हाही तो रकाना होता.

सरांना मी नंतर एक पान छापून नेऊन दिलं होतं, ते तुम्हीही तुमच्या सिनियरना द्या. आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ४६३२, ऑगस्ट २००६, सीआयडीआरचा, म्हणजे पत्त्यांचे ब्लॉक आणि समरी करण्याच्या पद्धतीचा. त्यातला दुसरा नियम स्पष्ट सांगतो की जो राउटर अनेक नेमक्या रूटांची समरी तयार करतो, त्याने समरीत बसणारी पण कुठल्याच नेमक्या रूटात न बसणारी पॅकेटं टाकून दिलीच पाहिजेत, म्हणजे समरीचा पुढचा मुक्काम नल असावा. कारणही तिथेच दिलंय, फेऱ्या टाळण्यासाठी. त्याआधीच्या १९९३ च्या आरएफसी १५१९ मध्येही हा नियम आहे. म्हणजे सिस्कोचा स्विच तो रूट आपोआप घालतो ते नियम पाळण्यासाठी. सिस्कोच्या ईआयजीआरपी या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलमध्येही समरी दिली की तो येतोच, तिथे त्याचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूटवर किती भरवसा ठेवायचा तो आकडा) ५ असतं.

आता तुमच्या बाकीच्या प्रश्नाकडे येतो. कोअरवर कमांड देऊन काही झालं नाही, कारण तुमचा कोअर बहुधा फक्त एरिया शून्यात आहे (ओएसपीएफचं नेटवर्क एरिया नावाच्या भागांत विभागतात, शून्य हा मधला). ओएसपीएफमध्ये एरिया रेंज दोन एरियांच्या सीमेवरच्या स्विचवरच चालते आणि तुमच्याकडे ते काम इमारतींचे स्विच करतात. सगळंच एरिया शून्यात असतं, तर कुठेही लिहून उपयोग झाला नसता. ओएसपीएफच्या बाहेरून आत घेतलेल्या (रीडिस्ट्रिब्यूट केलेल्या) रूटांसाठी 'समरी-अ‍ॅड्रेस' ही वेगळी कमांड आहे, ती जिथे रीडिस्ट्रिब्यूट होतं तिथे द्यायची.

आणि स्पष्टच सांगतो, चारशे रूट फार नाहीत. सिस्कोच्या जुन्या ३७५० वरसुद्धा नेहमीच्या एसडीएम टेम्प्लेटमध्ये (स्विचची जागा कशाला किती द्यायची ती मांडणी) थेट न जोडलेल्या रूटांसाठी २ हजारांची जागा असायची, राउटिंगच्या टेम्प्लेटमध्ये ८ हजारांची. टेबल लहान दिसावं म्हणून समरी करणार असाल तर करू नका. एका इमारतीत व्हीलॅन वर-खाली झालं तर त्याची बातमी बाकी तीन इमारतींत पोचू नये, हे कारण असेल तर जरूर करा. त्यासाठी रेंजच्या ओळीत शेवटी कॉस्टही (वाट किती महाग ते सांगणारा आकडा) लिहून टाका. नाहीतर समरीची कॉस्ट आतल्या रूटांवरून ठरते आणि आतलं काही हललं की बाहेर पुन्हा निरोप जातो. शिवाय ओएसपीएफच्या जुन्या आरएफसी १५८३ च्या पद्धतीत सर्वात लहान कॉस्ट घेतात आणि २३२८ च्या पद्धतीत सर्वात मोठी. दोन वेगळ्या पिढ्यांचे स्विच असतील तर हा घोळ नको.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. हे सगळं इमारतीत एकच डिस्ट्रिब्युशन स्विच आहे असं धरून आहे. दोन असतील आणि दोघेही तीच समरी देत असतील, तर त्या दोघांमधली लिंक इमारतीच्या एरियात ठेवा, एरिया शून्यात नको. नाहीतर उपकरणं जोडलेल्या एखाद्या अ‍ॅक्सेस स्विचची एका बाजूची फायबर तुटली, तरी कोअर अर्धी पॅकेटं त्याच बाजूला पाठवत राहतो. समरीत तुटलेली फायबर दिसत नाही. मग ती पॅकेटं दुसऱ्याच कुठल्यातरी अ‍ॅक्सेस स्विचमधून वळसा घालतात, किंवा तसा वळसाच नसेल तर नलमध्ये जातात. तुमचे सिनियर या प्रकाराला घाबरत असतील, तर त्यांची भीती खरी आहे, फक्त उपाय चुकलाय. आणखी एक, समरी टिकायला आत निदान एक रूट जिवंत लागतो, म्हणून त्या ब्लॉकमधला एक पत्ता लूपबॅकवर (फायबर तुटली तरी चालू राहणाऱ्या आभासी इंटरफेसवर) देऊन ठेवा.

चारही इमारती एकाच रात्री करू नका. ज्या इमारतीत कमांड दिली आहे तिच्या ब्लॉकमधल्या न वापरलेल्या सबनेटमधला एखादा पत्ता घ्या आणि दुसऱ्या इमारतीतून त्यावर ट्रेसराउट टाका. त्या इमारतीच्या डिस्ट्रिब्युशन स्विचपर्यंत जाऊन थांबला तर बरोबर आहे, पुढच्या इमारतीला हात लावा. तेच दोन पत्ते आलटून पालटून दिसायला लागले तर कोणीतरी तो रूट काढलेला आहे, आधी तो परत आणा.