समितीत काय न्यायचं, काय नाही

प्रश्न : लातूरकडच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात आमची संघटना आहे. पगारवाढीची बोलणी अडली आहेत. व्यवस्थापन आता म्हणतं, ‘संयुक्त समिती करू, सगळं तिथेच मिटवू.’ जावं का?
– स्टाफ नर्स, संघटनेच्या सचिव

उत्तर : ताई, जरूर जा, पण ‘सगळं’ हा शब्द मसुद्यातून काढायला लावा. पगार, भत्ते, रजा यांची बोलणी संघटनेच्या मागणीपत्रावरच व्हायला हवीत. वर्क्स कमिटी, म्हणजे कायद्यातली मालक-कामगारांची संयुक्त समिती, संघटनेची जागा घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्येच नॉर्थ ब्रूक ज्यूट कंपनीच्या खटल्यात सांगितलंय. तिथल्या कमिटीने कामाच्या फेररचनेला दिलेली संमती कामगारांवर बंधनकारक ठरली नाही.

याशिवाय, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार 20 किंवा अधिक कामगार असले की तक्रार निवारण समिती सक्तीची आहे. दोन्ही बाजूंचे सदस्य सारखे, एकूण जास्तीत जास्त 10, अध्यक्षपद वर्षाआड इकडे-तिकडे, निकाल 30 दिवसांत. महिला सदस्यांचं प्रमाण कामगारांतल्या महिलांच्या प्रमाणापेक्षा कमी चालत नाही. नर्सिंग स्टाफच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे, आग्रह धराच.

संयुक्त समितीत न्यायचं ते रोजचं दुखणं : नाईटचा चार्ट किती दिवस आधी लागणार, लागोपाठ किती नाईट, हँडओव्हरची (पुढच्या पाळीला रुग्ण सोपवण्याची) 15 मिनिटं ड्युटीत धरणार की नाही. समोर सही करायचा अधिकार असलेला माणूस बसवा, नाहीतर ‘वर विचारून सांगतो’ यातच वर्ष सरतं. इतिवृत्तात प्रत्येक ठरावापुढे नाव आणि तारीख हवी, आणि दोघांच्या सह्या त्याच दिवशी.

प्रश्न : परभणीत आमच्या रुग्णालयात समितीच्या बैठका होतात, चहा होतो, हलत काहीच नाही. सुरुवात कशाने करावी?
– मनुष्यबळ अधिकारी

उत्तर : सुई टोचण्याच्या घटनांपासून. यात दोघांचं हित एकच आहे, शिवाय महिनाभरात फरक दिसतो.

महिन्यातून एकदा मेट्रन (मुख्य परिचारिका) आणि संघटनेचा एक प्रतिनिधी मिळून वॉर्डात फेरी मारा. सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यातच जातात का आणि डबा तीन-चतुर्थांश भरताच बदलतो का, ते पाहा. डबा वॉर्डाच्या टोकाला असला की सिस्टर सुईला पुन्हा टोपण लावून हातात घेऊन चालतात, आणि तिथेच टोचते. डबा इंजेक्शनच्या ट्रॉलीवर आणा. कचऱ्याच्या पिशवीत पडलेली सुई मात्र सफाईवाल्या मावशींना टोचते.

टोचल्यावर जखम दाबायची नाही, साबण-पाण्याने धुवायची. एचआयव्हीप्रतिबंधक गोळीचा पहिला डोस शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत; औषध एकूण 28 दिवस. घोडं अडतं ते रात्री : औषधाच्या कपाटाची किल्ली इन्चार्जकडे आणि इन्चार्ज घरी. पहिला डोस कॅज्युअल्टीतच ठेवायचा, हा पहिला ठराव करा. दुसरा ठराव हिपॅटायटिस बीच्या लसीचा : 0, 1 आणि 6 महिने. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ती देणं रुग्णालयाचं काम आहे, माणूस कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असला तरीही. म्हणून या बैठकांना कंत्राटी सफाई कामगारांपैकी एकाला निमंत्रित म्हणून बोलवा आणि तेवढा वेळ त्याच्या ड्युटीत धरा.