डीओ कॉलेजात फॅमिली डॉक्टर कसे घडतात? वाचकांचे प्रश्न

या वेळी अमेरिकेतल्या वाचकांच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय, तिथली ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजं आणि तिथून निघणारे डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) डॉक्टर. अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या दोन डिग्र्या आहेत, एक नेहमीची एमडी आणि दुसरी ही डीओ. मी स्वतः फॅमिली मेडिसिनमध्ये आहे, माझ्या क्लिनिकमध्ये डीओचे स्टुडंट शिकायला येतात, त्यामुळे हा विषय अगदी जिव्हाळ्याचा आणि म्हणूनच एका प्रश्नाचं उत्तर बरंच लांबलंय.

प्रश्न : आमच्या मुलीने न्यू जर्सीतून एमडी आणि डीओ दोन्हीकडे अर्ज केले होते. डीओच्या एका कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळालीय, ती खूश आहे, पण घरात मात्र गोंधळ. नातेवाईक विचारतात की ही हाडवैद्य होणार का? ती बाकीच्यांसारखी डॉक्टर असेल ना? खरंखरं सांगा.

उत्तर : पूर्ण डॉक्टर असेल. औषधं लिहील, ऑपरेशन करू शकेल, बाळंतपण करू शकेल, ५० पैकी कुठल्याही राज्यात लायसन्स घेऊ शकेल. गोंधळ होतो कारण इंग्लंडसारख्या देशांमध्ये ऑस्टिओपॅथ फक्त हाताने उपचार करतात, ते मेडिकल डॉक्टर नसतात, आणि नेटवर शोधलं की दोन्हीची माहिती एकत्रच समोर येते.

अमेरिकेतली सुरुवात अँड्र्यू टेलर स्टिल यांनी केली. १८६४ मध्ये त्यांची तीन मुलं मेनिंजायटिसने गेली, तेव्हाची पाऱ्याची औषधं आणि रक्त काढणं काहीच कामाला आलं नाही, आणि मग ते शरीराची रचना, हाडं, स्नायू यांच्याकडे वळले, १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला त्यांनी पहिलं कॉलेज काढलं. त्यांचे काही दावे आज टिकत नाहीत हे स्पष्ट सांगायला हवं, पण कॉलेजंही तिथेच थांबली नाहीत. बरोबरीचा मान मात्र खूप उशिरा मिळाला. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात ६५ डॉलर भरून डीओची डिग्री एमडीत बदलून घ्यायची सोय केली, सुमारे दोन हजार जणांनी ती बदलली, आणि नव्या डीओंना लायसन्स देणंच बंद झालं, ते १९७४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत सुरू झालं. सैन्यात डीओंना डॉक्टर म्हणून १९६६ मध्ये घेतलं, आणि डीओंना पहिल्यांदा पूर्ण लायसन्स देणाऱ्या राज्यांत शेवटचं होतं मिसिसिपी, साल १९७३. आज नातेवाईकांना एवढंच सांगा की राष्ट्राध्यक्ष बायडन यांचे डॉक्टर केविन ओ'कॉनर डीओ होते आणि ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत व्हाइट हाउसमध्ये असलेले शॉन कॉनलीसुद्धा डीओच.

अभ्यास चार वर्षांचाच, त्यात साधारण २०० तास हाताने तपासायचं आणि उपचार करायचं ट्रेनिंग जास्तीचं. २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांच्या रेसिडन्सीला, म्हणजे डिग्रीनंतरच्या स्पेशालिटीच्या ट्रेनिंगला, मान्यता देणारी संस्थाही एकच झालीय. मुलीचं अभिनंदन करा, मनापासून करा.

प्रश्न : ताई, मला फॅमिली मेडिसिनच करायचंय, हे माझं आधीपासून ठरलंय. प्रत्येक डीओ कॉलेज म्हणतं की आम्ही प्रायमरी केअरचे, म्हणजे पेशंट आधी ज्यांच्याकडे जातो ते, डॉक्टर घडवतो. हे खरंच शिकवतात की माहितीपत्रकात लिहायला बरं म्हणून लिहितात? आणि कॉलेज निवडताना मी नेमकं काय बघू?

उत्तर : तुझा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण बहुतेक मुलं रँकिंग विचारतात आणि हे कोणीच विचारत नाही.

आधी खरं काय ते सांगते. अमेरिकेत काम करणाऱ्या डीओंपैकी निम्म्याहून जास्त जण फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्समध्ये आहेत. हे आपोआप झालेलं नाही. यातली बरीच कॉलेजं मुद्दाम जिथे डॉक्टर नाहीत तिथे काढलेली आहेत, केंटकीच्या डोंगराळ भागात पाइकव्हिलला १९९७ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियात लुइसबर्गसारख्या छोट्या गावात, आणि ओक्लाहोमात टाल्हेक्वाला चेरोकी नेशन या मूळ अमेरिकन जमातीच्या जागेवर २०२० मध्ये, तिथली पहिली बॅच २०२४ ला बाहेर पडली. छोट्या गावात वाढलेली मुलं छोट्या गावात प्रॅक्टिस करायची शक्यता जास्त असते हे अनेक वर्षं दिसत आलंय, म्हणून चांगलं कॉलेज अ‍ॅडमिशनच्या वेळीच बघतं की हा मुलगा कुठून आलाय, त्याने काय केलंय, पुढे कुठे जाईल.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तिसरं वर्ष. मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात स्टुडंट पेशंटला चार दिवस बघतो आणि पेशंट घरी जातो, पुढे त्याचं काय झालं हे कळतच नाही. क्लिनिकमध्ये मात्र तीच डायबिटीसवाली बाई तीन महिन्यांनी परत येते, शुगर वाढलेली असते, आणि तेव्हा स्टुडंटला विचारावं लागतं की गोळ्या परवडत नाहीत का, रात्रपाळी सुरू झालीय का, नवरा आजारी आहे का. "थकवा येतो" एवढीच तक्रार घेऊन आलेल्या माणसाला अ‍ॅनिमिया आहे, थायरॉइड आहे, डिप्रेशन आहे की तो नुसता झोपतच नाहीये, हे पंधरा-वीस मिनिटांत ओळखायला लागायचं. छातीत दुखतंय अशा कोणाला लगेच इमर्जन्सीत पाठवायचं आणि कोणाला धीर देऊन घरी पाठवायचं, हे लेक्चरमध्ये येत नाही गं, अनुभवी डॉक्टरच्या शेजारी बसून, रोज, परत परत करूनच येतं. अ‍ॅरिझोनातल्या मेसा इथल्या ए. टी. स्टिल युनिव्हर्सिटीच्या कॉलेजने हे ओळखून दुसऱ्या वर्षापासूनच स्टुडंटना वेगवेगळ्या राज्यांतल्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये पाठवायला सुरुवात केली, पहिलं वर्ष कॅम्पसवर आणि पुढची तीन तिकडे. पेनसिल्व्हेनियातल्या लेकॉम या डीओ कॉलेजने तर प्रायमरी केअरमध्येच जायचं असं कबूल करणाऱ्यांसाठी तीन वर्षांचा कोर्स ठेवलाय.

हाताने उपचार शिकवतात त्याबद्दलही स्पष्ट बोलते, कारण यावर दोन्ही बाजूंनी टोकाचं बोललं जातं. लॅबमध्ये मुलं एकमेकांच्या पाठी, मान, खांदे तपासतात, आणि पेशंटला हात लावायची भीती पहिल्याच वर्षी जाते, माझ्याकडे येणाऱ्या स्टुडंटमध्ये हा फरक मला स्पष्ट दिसतो. कंबरदुखीत मणक्यावरच्या अशा उपचारांना काही प्रमाणात पुरावा आहे, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये गोळ्यांच्या आधी करायच्या उपायांत ते आहेत. पण कवटीची हाडं हलवून बरं करण्याच्या प्रकाराला पुरावा फारच कमकुवत आहे, आणि मी तो वापरत नाही. तू सगळं शीक, पण प्रत्येक गोष्टीला पुरावा माग.

आता काय बघायचं ते. बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलं लांबलांबच्या हॉस्पिटलांत आणि खासगी क्लिनिकमध्ये जातात. चांगला डॉक्टर मिळाला तर सोनं होतं, नाही मिळाला तर स्टुडंट कोपऱ्यात उभा राहून नुसतं बघतो आणि महिना संपतो. म्हणून इंटरव्ह्यूच्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि विचार, तुम्ही स्वतः पेशंटची हिस्टरी घेता का, नोट लिहिता का, तुमची नोट कोणी वाचून दुरुस्त करतं का, एकाच क्लिनिकमध्ये किती आठवडे राहता, घर किती वेळा बदलावं लागलं, आणि क्लिनिक शोधायचं काम कॉलेज करतं की तुमच्यावर टाकतं. आणि "आमची इतकी टक्के मुलं प्रायमरी केअरमध्ये जातात" असा आकडा दाखवला की थांबव त्यांना. त्यात इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडन्सीत गेलेले सगळे धरलेले असतात, आणि त्यातले बरेच पुढे कार्डिओलॉजी करतात किंवा फक्त हॉस्पिटलमध्येच काम करतात. तू विचार की रेसिडन्सी संपल्यावर क्लिनिकमध्ये किती जण बसलेत. ज्या कॉलेजला हे उत्तर माहितीये त्याला या कामाची खरी काळजी आहे असं मी समजते.

प्रश्न : डीओला असताना कॉमलेक्सबरोबर यूएसएमएलईपण द्यावीच लागते का?

उत्तर : कॉमलेक्स ही डीओंची लायसन्सची परीक्षा, यूएसएमएलई एमडींची. सक्ती कॉमलेक्सची आहे. फॅमिली मेडिसिनच करायचं असेल तर बहुतेक प्रोग्रॅम नुसतं कॉमलेक्स चालवून घेतात. ऑर्थोपेडिक्स, डर्मॅटोलॉजी अशा चढाओढीच्या शाखा डोक्यात असतील तर यूएसएमएलईची स्टेप टू दिलेली बरी. दोन्ही परीक्षांचा पहिला टप्पा २०२२ पासून नुसता पास-नापास झालाय, त्यामुळे आता दुसऱ्याच्या मार्कांवर जास्त लक्ष जातं. मॅचची, म्हणजे रेसिडन्सीच्या जागा वाटण्याच्या पद्धतीची, फार भीती बाळगू नका, शेवटच्या वर्षाच्या डीओ स्टुडंटपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांना गेली काही वर्षं जागा मिळतेय.

प्रश्न : फी बघून डोळे फिरले. फॅमिली डॉक्टरच्या पगारात एवढं कर्ज फिटतं का?

उत्तर : फिटतं, पण आधीपासून हिशोब करून चालावं लागतं. खासगी डीओ कॉलेजांची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर आहे, त्यात राहणं-खाणं धरलेलं नाही. मिशिगन स्टेट, ओक्लाहोमा स्टेट, टेक्सासमधलं फोर्ट वर्थचं कॉलेज अशी काही सरकारी आहेत, त्या राज्याचे रहिवासी असाल तर आधी तिथे बघा. १ जुलै २०२६ पासून नवीन कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज मिळणार नाही, सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. वरचे पैसे बँकेकडून. मुलगा अमेरिकन नागरिक असेल तर नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची स्कॉलरशिप नक्की बघा, फी भरतात, दर महिन्याला खर्चालाही देतात, बदल्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं काम, कमीत कमी दोन. ज्याला प्रायमरी केअरच करायचंय त्याच्यासाठी यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही. कर्जाच्या धास्तीने चांगली चांगली मुलं शेवटच्या वर्षी फॅमिली मेडिसिन सोडून दुसरीकडे वळतात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण देशाला डॉक्टर हवेत म्हणायचं आणि तेच व्हायचं इतकं महाग करायचं हे बरोबर नाही.

प्रश्न : माझ्या नवऱ्याचं एमबीबीएस भारतात झालंय. त्याने आता इथे डीओ करावं का?

उत्तर : नको. एमबीबीएसचं क्रेडिट धरत नाहीत, चारही वर्षं परत करावी लागतील. त्यांनी यूएसएमएलई देऊन ईसीएफएमजीचं (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना पात्र ठरवणारी संस्था) सर्टिफिकेट घ्यावं आणि थेट रेसिडन्सीला अर्ज करावा. पूर्वी ज्या रेसिडन्सी फक्त डीओंसाठी राखीव होत्या, त्यातल्या ज्या एकाच संस्थेच्या मान्यतेच्या नव्या पद्धतीत आल्या तिथेही आता परदेशी डॉक्टरांना अर्ज करता येतो.

प्रश्न : आमच्या डॉक्टरांकडे गेलं की नर्स विचारते, आधी स्टुडंट आला तर चालेल का? मला अवघडल्यासारखं होतं. नाही म्हटलं तर राग येईल का त्यांना?

उत्तर : अजिबात नाही येणार, नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी कारण द्यायचीही गरज नाही. नाजूक तपासणी असेल तर "बोलायला चालेल पण तपासताना नको" असंही सांगू शकता. स्टुडंट स्वतःहून कुठलंही औषध देत नाही, तो तुमच्याशी बोलतो, तपासतो, बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगतो, आणि मग डॉक्टर स्वतः येऊन सगळं परत बघतात. वेळ मात्र थोडा जास्त जातो. पण साधा खोकला, बीपी, गुडघा असं काही असेल तर जमल्यास हो म्हणा, कारण वर मी ज्या तिसऱ्या वर्षाबद्दल इतकं लिहिलंय ते असंच पूर्ण होतं, आणि शिकवणाऱ्या बऱ्याच डॉक्टरांना त्याचे पैसे फारसे मिळत नाहीत, काहींना तर मिळतच नाहीत. जाताना गोळ्यांची यादी बरोबर न्या, स्टुडंटला आधी विचारू द्या, आणि त्याला काही चुकीचं समजलंय असं वाटलं तर तिथेच सांगा.