स्वस्त पडतं म्हणून क्लिपिंग करावं का?

प्रश्न: पत्नीच्या (वय 52) मेंदूतल्या धमनीत 8 मिमीचा अ‍ॅन्युरिझम (धमनीच्या भिंतीला आलेला फुगा) सापडलाय, फुटलेला नाही. क्लिपिंगचा अंदाज साडेपाच लाख, फ्लो डायव्हर्टरचा अकरा लाख. सहा वर्षं जुनी पॉलिसी 5 लाखांची. मुलीच्या शिक्षणासाठी 7 लाखांची एफडी आहे. स्वस्त पर्याय घ्यावा, की मोठी पॉलिसी काढून थांबावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर: पॉलिसीसाठी थांबू नका. आता काढलेल्या पॉलिसीत हा आधीपासूनचा आजार धरला जाईल आणि प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, तीन वर्षांपर्यंत असू शकतो. जुन्या पॉलिसीची रक्कम वाढवलीत, तर वाढीव रकमेलाही तेच. रिपोर्ट लपवण्याचा विचार मनातही आणू नका. क्लेम तर जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. थांबणं सुरक्षित आहे का, हे न्यूरोसर्जन आकार, जागा, रक्तदाब आणि घराण्यातला इतिहास बघून सांगतील.

आता ते दोन आकडे. क्लिपिंगमध्ये कवटी उघडून फुग्याच्या मानेवर क्लिप बसवतात. सावरायला काही आठवडे लागतात, पण फुगा पुन्हा उद्भवण्याचा धोका कमी. पत्नी नोकरी करत असतील, तर बिनपगारी रजाही खर्चात धरा. फ्लो डायव्हर्टरमध्ये जांघेतून किंवा मनगटातून नळी नेऊन धमनीत बारीक जाळी बसवतात. बिलाचा मोठा भाग त्या जाळीचाच असतो. पुढे काही महिने अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या गोळ्या), मग पुन्हा अँजिओग्राफी (धमन्यांची तपासणी). अकरा लाखांत यातलं काय धरलंय, ते लेखी मागा.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल तर तेवढ्याच भाड्याची खोली घ्या. नाहीतर सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च यांतही त्याच प्रमाणात कपात होते. इम्प्लांट (क्लिप किंवा जाळी) आणि औषधांना मात्र ही कपात लागत नाही. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रालाही (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) भेटा.

माझं मत स्पष्ट आहे. जिथे दोन्ही उपचार होतात अशा ठिकाणी दुसरं मत घ्या. दोन्ही सारखेच योग्य ठरले तर क्लिपिंग खुशाल करा. जाळीच बरी म्हणाले, तर पॉलिसीच्या वरच्या सहा लाखांसाठी एफडी वापरा. मोडण्याआधी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून उचल) घेतला तर व्याज किती पडेल, ते बँकेत विचारा. मुलीसाठी शैक्षणिक कर्ज मिळतं, त्यामुळे अपराधी वाटून घेऊ नका.

मधल्या काळात अचानक असह्य डोकं दुखलं, तर फुगा फुटलेला असू शकतो; कॅशलेसच्या मंजुरीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या. कंपनीला दाखल झाल्यावर कळवलं तरी चालतं.